ज्याले भेव, त्याचा पाय

"आधी चूळ भरा, मंग सांगा."

आमच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरांचं हे पहिलं वाक्य. पितळी पेला पुढे करायचा आणि समोरच्याचं तोंड पाण्याने बंद करायचं. कण्हत आलेला माणूस चूळ भरेपर्यंत निम्मा शांत झालेला असे. एकदा तारवाला तार घेऊन आला, तर त्यालाही सवयीने पेला दिला. बिचाऱ्याने मुकाट्याने चूळ भरली आणि मग तार दिली.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळची ही अमरावती. दाताला वेगळा डॉक्टर लागतो हेच लोकांना पटत नव्हतं. आमचे डॉक्टर मोर्शीकडचे, घरचे संत्र्याचे बगीचे. ते सोडून हा गडी कलकत्त्याला दातांचं शिकायला गेला. त्यांचे वडील दवाखान्यात येऊन बसत आणि रोग्यांदेखत म्हणत, "एवढा बगीचा सोडून लोकायच्या तोंडात कायले हात घालून राहिला, बाप्पा!" डॉक्टर हसत आणि वडिलांनाही पेला देत.

दवाखान्यात एक खुर्ची होती आणि पायाने चालवायचं एक यंत्र होतं. खाली शिलाई मशीनसारखी पट्टी, वर चाक आणि दोरी, टोकाला दात कोरायची सुई. हे यंत्र अकोल्याच्या जुन्या डॉक्टरांनी विजेचं घेतल्यावर यांना दिलेलं. पण ते चालवायची आमच्या डॉक्टरांची रीत निराळी होती. रोग्याबरोबर आलेल्यांत जो सर्वांत जास्त घाबरलेला, त्याला ते पट्टीवर पाय ठेवून चालवायला बसवत. "ज्याले भेव, त्याचा पाय," म्हणत. "भेव वाटलं की पाय थांबवा. यंत्र थांबते. मी काहीच म्हणणार नाही." तुम्ही म्हणाल, ही काय थट्टा? मलाही तसंच वाटायचं.

मग माझीच पाळी आली. मला पाचवा महिना होता, पहिलटकरीण, आणि खालची दाढ ठणकायला लागली. माहेरी आई नव्हती, म्हणून सगळं सासरीच व्हायचं होतं. सासूबाईंनी दाढेत लवंग धरायला लावली, मग रिंगणीच्या बियांची धुरी दिली, दाढेतली कीड गळून पडावी म्हणून. कीड काही पडली नाही, मी मात्र खोकून खोकून अर्धी झाले. घास चावता येईना. दूधसुद्धा मान वाकडी करून प्यायचं. तपासायला येणाऱ्या नर्सबाई माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "पोट वाढलं नाही," आणि ते मला दाढेपेक्षा जास्त टोचलं.

समोरच डॉक्टर असताना सासूबाई मला अकोल्याला घेऊन गेल्या. त्याला कारण होतं. माझी मोठी नणंद अकोल्याला दिलेली. तिची दाढ त्या जुन्या डॉक्टरांनी दिवस गेलेले असताना उपटली, आणि पुढे थोड्याच दिवसांत तिचं मूल पोटातच गेलं. तेव्हापासून त्यांनी गरोदर बाईच्या दाताला हात लावणंच सोडलं होतं. "त्यायले ठेच लागली आहे, ते जपूनच सांगतील," हे सासूबाईंचं म्हणणं. आणि त्यांनी तसंच सांगितलं. "बाळंत होऊ द्या. तोवर लवंगेचं तेल." उंच, फेटेवाला माणूस, पण माझ्याकडे पाहायचं टाळत होता.

परत आलो आणि माझा गाल सुजून टंच झाला. अंगात ताप भरला. आमचे वकीलसाहेब, म्हणजे आमचे हे, आईला न विचारता रस्ता ओलांडून डॉक्टरांना घेऊन आले. आयुष्यात त्यांनी आईच्या मर्जीविरुद्ध केलेली ती पहिली गोष्ट असावी.

डॉक्टरांनी पाहिलं. "मुळाशी पू आहे. दाढ उपटत नाही मी. आतली सडलेली नस काढतो, मूळ धुतो आन् भरून टाकतो. दाढ जागीच राहील."

"अकोल्याचे डॉक्टर नाही म्हणतात," सासूबाई दारात आडव्या उभ्या.

"ते मोठे आहेत, काकू. पण मी हो म्हणून राहिलो. पहिल्या महिन्यायत मीबी हात लावत नाही, शेवटाले खुर्चीत बसवत नाही. हे मधले महिने आहेत. आता नाही तं कवा?"

"माह्या लेकीचं गेलं ना!" सासूबाईंचा आवाज फुटला.

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "ते काहून गेलं, मले माहीत नाही. कोणालेच माहीत नाही. पण ही पोरगी उपाशी आहे, अन् पोटातलंबी तिच्यासंगं उपाशी आहे. हे तं तुमाले दिसून राहिलं."

सासूबाई बाजूला झाल्या.

मी दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्यावर पट्टीवर कोण, हा प्रश्न आला. आमचे हे पुढे झाले, पण चिमटा पाहूनच त्यांचा रंग उतरला. "तुम्ही नाही," डॉक्टर म्हणाले. "जास्त भेव काकूले आहे. काकू, या."

सासूबाईंचं घरी शिलाईचं मशीन होतं. येणाऱ्या बाळाची झबली त्यावरच शिवणं चालू होतं. पण त्या दिवशी त्यांचा पाय पट्टीवर टिकेना. सुई लागली की थांबायच्या. मी हुं केलं की थांबायच्या. मी काहीच केलं नाही तरी थांबायच्या. डॉक्टर दर वेळी हात मागे घ्यायचे आणि मला पेला द्यायचे, चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही. सुई टोचून हिरडी बधिर केली होती, दुखत काहीच नव्हतं. मी सासूबाईंकडे पाहून मान हलवली. तिथून पाय लागला तो लागला. थोड्या वेळाने त्याच डॉक्टरांवर खेकसल्या, "काय हो, या मशीनले तेल कवा दिलं होतं? कितीक कुरकुर करून राहिली!"

दुसऱ्या खेपेला घरून तेलाची कुपी घेऊनच आल्या. बारीक काटेरी सुयांनी मुळं साफ झाली, औषधाचा बोळा बसला, काही दिवसांनी मुळं भरली. सूज उतरली, ताप गेला. डोहाळजेवणाला मी वांग्याच्या भाजीशी भाकरी खाल्ली, तीही त्याच बाजूने, आणि सासूबाई वाढता वाढता नुसत्या पाहत राहिल्या.

मुलगी झाली. अशी रडली की समोरच्या दवाखान्यात ऐकू गेली. सासूबाई साखरेची वाटी घेऊन आधी तिकडेच धावल्या. डॉक्टर म्हणाले, "आधी चूळ..." आणि त्यांच्या उघड्या तोंडात सासूबाईंनी साखर कोंबली! ते हसत सुटले. मग सवयीने पेला उचलला आणि स्वतःच चूळ भरली.

खरी गंमत पुढेच आहे. तोवर सासूबाई दवाखान्याच्या होऊन गेल्या होत्या. घाबरट बाया आल्या की डॉक्टर त्यांना बोलावत. असाच एका दुपारी टांगा थांबला आणि अकोल्याचे जुने डॉक्टर उतरले, मागे त्यांची मुलगी. गाल सुजलेला, दिवस गेलेले. मी लेकीला कडेवर घेऊन तिथेच उभी होते.

"माझा हात धजत नाही," ते आमच्या डॉक्टरांना म्हणाले. "तू कर."

आमच्या डॉक्टरांनी आधी तिला पेला दिला, मग त्यांनाही. सासूबाई पट्टीवरून उठल्या.

"बसा, डॉक्टरसायेब. इथं ज्याले भेव, त्याचा पाय."

फेटा बाजूला ठेवून ते बसले. पाय पट्टीवर ठेवला. एकदा थांबला, दोनदा थांबला. सासूबाईंनी त्यांच्या मुलीचा हात आपल्या हातात घेतला आणि माझ्या कडेवरच्या पोरीकडे बोट केलं. "चालू द्या. आमचीबी इथंच बसली होती. हे पाहा." माझी लेक मूठ चोखत त्यांच्याकडे बघत होती. आणि मग त्यांच्याच जुन्या यंत्राच्या पट्टीवर त्यांचा पाय लागला, एकसारखा, न थांबता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मला तर तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

त्या मुलीला मुलगा झाला. पुढे अकोल्याहून गरोदर बाया अमरावतीला येऊ लागल्या, त्यांनीच पाठवलेल्या.

आता डॉक्टर नाहीत, सासूबाई नाहीत. ते यंत्र कुठे गेलं, ठाऊक नाही. इतर दात एकेक करून मला सोडून गेले. ती दाढ आहे. मी अजून त्याच बाजूने भाकरी चावते. जेवण झालं की आधी चूळ भरते, मग कोणाशी बोलते.