गाळणीवर उरलेलं पाहणाऱ्या कुंदा मॅडम

बालाघाटच्या कॉलेजात मी लालबर्राहून नव्यानेच आले होते. घर मराठी, पण शिक्षण सगळे हिंदीतले. पहिल्याच प्रात्यक्षिकाला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा मला धीर होईना. सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉ. कुंदा ठवकर मॅडम शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "काहून घाबरून राह्यली? पाह्य, अमिबा चालून राह्यला." त्या परक्या खोलीत घरची बोली ऐकली आणि मी डोळा टेकवला. आज त्यांच्याच विभागात शिकवते आहे. त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला, याचा अभिमान वाटतो.

मॅडम किरनापूरकडच्या बोड्यांचे, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या लहान तळ्यांचे, पाणी आणून त्यातले सूक्ष्मजीव अभ्यासत. एका बोडीचे पाणी घातले की आमचे प्रयोगशाळेतले अमिबा फुटून मरू लागले. रंग देऊन पाहिले, तर आत जांभळे गोल ठिपके. आम्ही ते जिवाणू ठरवून मोकळे झालो. पण ते कुठल्याच माध्यमावर वाढेनात, प्रतिजैविकांनाही दाद देईनात. मग विषाणूची शंका आली, म्हणून पाणी बारीक गाळणीतून गाळले. खाली आलेल्या पाण्याने अमिबांना काहीच झाले नाही. विषाणू गाळणीतून पार होतात, असेच आम्ही शिकलो होतो.

"मॅडम, विषाणू नाही," मी निकाल देऊन टाकला.

"मंग वर जे अडकलं, ते पाह्यलं का?" त्यांनी विचारले.

वर अडकलेले ते अमिबांवर घातले. अमिबा मेले. पुढे मोठ्या शहरातल्या एका संस्थेतून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे आली. कोनदार कण, भोवती केसांसारखी झालर. साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसावा एवढा महाकाय विषाणू! असे विषाणू जगात आधी सापडले होते, पण हा आमच्या बोडीतला होता. त्या दिवशी अख्ख्या विभागाने जिलेबी खाल्ली.

खरी कसोटी त्यानंतर लागली. त्या संस्थेतल्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांना हे विषाणूंचे नवे कुळ म्हणून जाहीर करायचे होते. तसे झाले असते, तर मॅडमचे नाव देशभर गाजले असते. मॅडमनी मात्र जनुकांची जुळणी पुन्हा तपासली. ओळखीच्या एका कुळाशी नाते स्पष्ट दिसत होते. फोनवर पलीकडून बराच आग्रह झाला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, इसका घर पहले से है। मैं इसे लावारिस कैसे लिख दूँ?"

शोधनिबंध रखडला, पण अखेर जुन्या कुळातला नवा सदस्य म्हणूनच छापून आला. पुढे तेच शास्त्रज्ञ आपल्या विषाणूंची वर्गवारी तपासायला मॅडमकडे पाठवू लागले.

माझ्या वडिलांचे गोंदियाला ऑपरेशन ठरले, तेव्हा अमिबांची देखभाल माझ्याकडे होती. "अमिबाचं खाणं मी पाहून घेईन, तू बाबाले पाह्य," एवढेच त्या म्हणाल्या. रविवारी स्वतः बसने आल्या, थकलेल्या आईला विश्रांतीला पाठवले आणि दिवसभर बाबांच्या उशाशी बसल्या.

आजही बोडीच्या चिखलात पदर खोचून सर्वांत पुढे मॅडमच असतात. परवा मी म्हटले, "मॅडम, आता साठी झाली. बाटली मी भरते."

"हौ, भर ना," त्या हसल्या, "माह्यासाठी दुसरी आण."

मॅडमच्या गुडघ्यांत असेच बळ राहो, नजर अशीच तीक्ष्ण राहो. या जिल्ह्यातल्या कितीतरी बोड्या अजून पाहायच्या आहेत, आणि त्या मॅडमच्या मागे चालतच पाहायच्या, हा आम्हा विद्यार्थ्यांचा हट्ट आहे.