लेथची आंघोळ

गोरक्षला 'मला येत नाही' असं म्हणताच येत नसे. मिरजगावहून तो नगरच्या इंजिनांच्या मोठ्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून आला, तेव्हा आम्ही दोघे शहराला लागूनच असलेल्या भिंगारात एकाच खोलीत राहायचो. तो टर्नर, मी तिथलाच इलेक्ट्रिशियन. पहिल्या दिवशी मी विचारलं, स्टोव्ह पेटवता येतो का? म्हणाला, येतो की. थोड्या वेळाने खोलीभर धूर, आणि हा बाहेर उभा राहून मलाच सांगतोय की स्टोव्ह खराब आहे. असल्या माणसांचा मला राग येतो. पण गोरक्षवर तो धरून ठेवता येत नसे. दुसऱ्या दिवशी त्याने तोच स्टोव्ह सगळा खोलला, पुन्हा जोडला आणि त्यावर पिठलं करून मला वाढलं.

ही एकाहत्तर सालची गोष्ट. टर्निंग शॉपचे मिस्त्री होते सत्तारभाई. तेही भिंगारचेच, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. कामाला कडक. नव्या पोरांच्या हातात सुरुवातीचे दोन महिने त्यांनी कानशीशिवाय काही दिलं नाही. लोखंडाचा ठोकळा घ्या आणि घासत बसा. बाकीची पोरं कुरकुरायची. गोरक्ष ठोकळा संपवून दुसरा मागायचा. सत्तारभाईंना ते आवडत असणार, पण त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

मग खंडेनवमी आली. कंपनीत त्या दिवशी एकही मशीन फिरत नसे. प्रत्येक मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढ्यात नारळ. आदल्या दिवशी सत्तारभाईंनी सगळ्यांना मशिनं स्वच्छ करायला सांगितलं. गोरक्षच्या वाट्याला आला शॉपमधला सगळ्यात नवा लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन. महिन्यापूर्वीच खोक्यातून निघालेला, जुने कामगारही त्याला जपून हात लावायचे.

बाकीची पोरं रॉकेलच्या बोळ्याने आपापलं मशीन पुसत बसली. गोरक्षला ते काही पटेना. त्याच्या घरी खंडेनवमीला नांगर, कुळव, कुऱ्हाड, खुरपी सगळं विहिरीवर नेऊन धुतात आणि मगच हळदकुंकू लावतात. पारोशा अवजाराची पूजा करायची ही रीत त्याने कुठे पाहिली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत शॉप रिकामं झालं, तसा त्याने नळावरून बादल्या आणल्या, पाण्यात सोडा घातला, काथ्याने तो लेथ डोक्यापासून पायापर्यंत घासला आणि वरून बादल्यांवर बादल्या ओतल्या. मग पुसून लख्ख केला. घरच्या बैलांनाही त्याने इतक्या मायेने धुतलं नसेल.

दुसऱ्या दिवशी पूजेला तो लेथ असा झळकत होता की मॅनेजरसाहेबांनी नारळ त्याच्याचपुढे फोडला. कोणी केलं हे, असं विचारलं. गोरक्ष पुढे झाला आणि त्यांनी त्याची पाठ थोपटली. त्या संध्याकाळी ती पाठ थोपटण्याची हकिकत मला भाकरीबरोबर पुन्हा पुन्हा गिळावी लागली. पाण्याचं मात्र तो बोलला नाही. त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि लेथ सुरू करायला गेले, तर मोटर नुसती घरघरली आणि फ्यूज उडाला. मला बोलावलं. मी मोटरीचं झाकण काढलं, आत पाणी. सत्तारभाईंनी वरच्या गिअरच्या पेटीतलं तेल काढलं, ते ताकासारखं पांढरं निघालं. ज्या चकचकीत पट्ट्यांवरून लेथचा सगळा कारभार सरकतो, त्यांच्यावर गंजाचा तांबूस थर. कुणीतरी जाऊन मॅनेजरांना सांगितलं.

साहेब आले आणि मशीनमध्ये पाणी कसं गेलं म्हणून विचारलं. सत्तारभाईंनी एकदा गोरक्षकडे पाहिलं. मग म्हणाले, "चूक माझी, साहेब. पाण्याने धू म्हणून मीच सांगितलं."

ओल्या हाताने लेथजवळ आलेल्या पोराला हाकलून देणारा हा माणूस. ते खोटं बोलताहेत हे शॉपमधल्या सगळ्यांना कळलं, आणि का बोलताहेत तेही. अप्रेंटिसचा करार मोडायला साहेबांची एक सही पुरे होती. तो मोडला की गोरक्षने मिरजगावची एस.टी. धरायची, आणि एका कंपनीने काढलेल्या पोराला दुसरी कंपनी दारात उभं करत नाही. मिस्त्रींना फार तर बोलणी बसली असती. अशा वेळी शहाण्याने मान खाली घालून गप्प राहावं. मी डोळ्यांनी त्याला तेच सांगत होतो.

गोरक्ष पुढे झाला. "न्हाई साहेब. मिस्त्रींनी काय बी सांगितलं न्हाई. मीच धुतलं. आमच्यात खंडेनवमीला औतं धुत्यात, मला वाटलं ह्ये बी औतच हाय. मला खोलू द्या, हुतं तसं करून देतो."

दोन महिने ठोकळे घासलेला पोरगा साहेबांना सांगतोय, मला लेथ खोलू द्या! मी कपाळावर हात मारून घेतला. सत्तारभाईंचा चेहरा लाल झाला. साहेब सत्तारभाईंकडे वळले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. या मुलाबद्दल तुमचा शब्द मी आता घेणार नाही. दोघं मिळून मशीन दुरुस्त करा. ते नीट चाललं तर हा राहील."

पुढच्या काही दिवसांत दोघांनी तो लेथ उघडला. सत्तारभाई बोटाने दाखवायचे आणि गोरक्ष खोलायचा. एकेक गिअर रॉकेलमध्ये धुऊन ओळीने फडक्यावर मांडायचा, बेअरिंग पुसून तेल द्यायचं, पट्ट्यांवरचा गंज बारीक पॉलिशपेपरने हलक्या हाताने काढायचा. मी मोटरीभोवती बल्ब लावून तिला शेकत बसलो होतो. एका दुपारी गोरक्षने विचारलं, मिस्त्री, तुम्ही अंगावर का घेतलंत?

सत्तारभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "हयगय करून मशीन बिघडवणारी पोरं मी पुष्कळ पाहिली. मान ठेवून बिघडवणारा तू पहिलाच. तुला घालवायचं माझ्या जिवावर आलं. आणि तू मला चारचौघांत खोटं पाडलंस."

गोरक्षने मान खाली घालून पुढचा गिअर धुवायला घेतला. त्याला गप्प बसलेलं मी तेव्हा प्रथमच पाहिलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं नाही.

लेथ जोडून झाला तेव्हा साहेब स्वतः आले. गोरक्षने मशीन सुरू केलं, सत्तारभाईंनी एक लोखंडी शाफ्ट कातला. साहेबांनी मायक्रोमीटर लावून त्याची जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली, पुन्हा मोजली. मग शाफ्ट खाली ठेवला, उद्या वेळेवर ये, असं गोरक्षला सांगितलं आणि निघून गेले. गोरक्ष पुढे त्याच कंपनीतून निवृत्त झाला.

सत्तारभाई मात्र त्या दिवशी त्याच्याशी एक शब्द न बोलता सायकल घेऊन घरी गेले. संध्याकाळी गोरक्ष मला ओढतच त्यांच्या दारात घेऊन गेला. हातात आपट्याची पानं. कुठून तोडून आणली होती कोण जाणे. सत्तारभाई दार उघडून उंबऱ्यातच उभे राहिले. दर दसऱ्याला अख्खी गल्ली त्यांना सोनं द्यायला यायची, त्यामुळे पानं बघताच त्यांना कळलं.

"दसरा तर कधीच होऊन गेला," ते म्हणाले.

गोरक्षने पानं त्यांच्या हातावर ठेवली आणि वाकून पायांना हात लावला.

"माझा आज झाला, मिस्त्री."

सत्तारभाईंनी बाजूला होऊन आम्हाला आत घेतलं. चहा होऊन कप रिकामे झाले, तरी ती पानं त्यांच्या मुठीतच होती.