नाना घर पाहायला निघाले

शिंदखेड्याच्या वाचनालयात रोजचं वर्तमानपत्रसुद्धा सुतळीने टेबलाला बांधलेलं असे. बांधणारे नाना. कापडाचं दुकान मुलाकडे सोपवून ते वाचनालयाचे चिटणीस झाले होते, आणि एकही कागद उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही एवढंच त्यांचं धोरण होतं. कुणी पुस्तक घरी मागितलं की म्हणत, "घरी काय करता नेऊन? इथे पंखा शे."

अशा माणसाकडे मी मागायला गेले ते धुळ्याच्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे सगळे अंक. कापसाचे भाव, लग्नाच्या बातम्या, नगरपालिकेतली भांडणं. पूर्ण संच फक्त नानांकडे होता आणि पान उलटलं की कोपरा हातात येत होता. मी जळगावच्या एका कॉलेजची ग्रंथपाल. शिंदखेडा, फैजपूर, भुसावळ, धुळे आणि आमचं कॉलेज अशा पाच ग्रंथालयांनी आपापले जुने कागद स्कॅन करायचे आणि प्रत्येकाने बाकी चौघांच्या प्रतीही सांभाळायच्या, म्हणजे एकाचं गेलं तरी उरतं, अशी योजना मी आखली होती. खर्च जवळजवळ नाही. कॉलेजने टाकून दिलेले कॉम्प्युटर आणि साधं इंटरनेट. मी नानांना बाणांची रंगीत आकृती दाखवली. बाण खरोखर सुरेख होते.

स्कॅनिंगला नाना हो म्हणाले. प्रती वाटायला नाही. "आमचे अंक फैजपूरला कशाला? तिथे आमचं कोण शे?"

"कुणी असायची गरज नाही, नाना. ते आपोआप होतं."

"मुलगी आपोआप देतात का, ताई? आधी घर पाहू."

मला वाटलं, गंमत करताहेत. पुढच्या रविवारी टोपी घालून ते माझ्या गाडीत पुढे बसले. कार्यशाळांतून व्याख्यानं देणारी मी त्या दिवसापासून नानांची ड्रायव्हर झाले.

फैजपूरला वाचनालय सांभाळणाऱ्या अक्कांना त्यांनी आकृतीबद्दल काही विचारलं नाही. कपाट उघडून वास घेतला, भिंतीवर तळवा फिरवला आणि विचारलं, "तुम्ही लग्नाला गेल्या तर किल्ली कोणाकडे?"

"शेजारच्या मास्तरांकडे. आणि मास्तर कुठल्याच लग्नाला जात नाहीत."

घर पसंत पडलं. भुसावळला त्यांनी कॉम्प्युटरशेजारी पाण्याचा पेला ठेवला आणि मालगाडी जाईपर्यंत बसून राहिले. पाणी थरथरलं, टेबल आतल्या खोलीत गेलं. धुळ्याला कॉम्प्युटर खराब होऊ नये म्हणून बंद करून, कापडात गुंडाळून, कपाटात कुलपात ठेवला होता. हे नानांना इतकं आवडलं की बंद यंत्रात प्रती पोचत नाहीत, हे पटवताना माझा घसा बसला.

शेवटी माझं कॉलेज. मी निर्धास्त होते.

"ही बादली कशाला, ताई?"

"एसीचं पाणी गळतं, नाना. शिपाई रोज रिकामी करतो."

"अन् रविवारी?"

रविवारचा विचार मी केला नव्हता. ग्रंथालयातल्या पाण्याच्या धोक्यावर मात्र नुकताच निबंध वाचला होता. नाना हळूच म्हणाले, "इथे नाही देणार." मी कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत हलवला, ते पुन्हा येऊन पाहून गेले, तेव्हा कुठे माझ्याकडे प्रत आली.

दोन पावसाळ्यांनी त्यांचा फोन आला. "बठ्ठं गयं, ताई." सगळं गेलं होतं: वाचनालयाचं छत एका बाजूने बसलं होतं. अंकांचे गठ्ठे भिजून लगदा झाले होते, कॉम्प्युटरही गेला होता. मी आमच्याकडची प्रत आणि दुसरा कॉम्प्युटर घेऊन निघाले. वाईट वाटायला हवं होतं. पण बाण बरोबर ठरले या आनंदात मी गाडी जरा जोरातच चालवली.

नानांनी पडद्यावर अंक पाहिले. एका लग्नाच्या बातमीपाशी बराच वेळ थांबले. मग उठून कपाट उघडलं, वास घेतला, भिंतीवर तळवा फिरवला. ओला चुना हाताला लागला.

"हे जळगावला परत न्या."

"नाना, तिथे आहेच की. ही इथली प्रत."

"इथे ठेवली तर बाकीचे म्हणतील, शिंदखेड्याला एक शे. अन् इथे एक दिवस नसेल." त्यांनी हात धोतराला पुसला. "घर चांगलं नाही, ताई. माझं असलं म्हणून काय झालं?"

वाद घालायला माझ्याकडे आकृती नव्हती. मी सामान उचललं. ते गाडीपर्यंत आले आणि कॉम्प्युटर सीटवर नीट बसला की नाही ते पाहून मागे फिरले.

त्या हिवाळ्यात नाना गेले. आता वाचनालयाला नवी जागा मिळाली आहे आणि समितीचे तीन फोन येऊन गेले: मॅडम, आमचे अंक परत कधी आणताय? मी दर वेळी सांगते, पुढच्या रविवारी येते. त्या जागेला हो की नाही, हे आता मला एकटीला ठरवायचं आहे.