मायचं बोलणं

मी गाव सोडलं त्या सकाळी माय एकसारखी बोलत होती. कोसंबटोल्याहून पोंभुर्ण्याला जाणारी बस उशिरा आली आणि तो सगळा उशीर तिने बोलून भरून काढला. डब्यातली भाजी आधी खा, ती आंबते. गाडीत खिडकीजवळ बसू नको, डोकं दुखते तुयं. तिथल्या लोकायची भाषा पटकन शिकून घे, नाईतर उपाशी राहशीन. बाबा माझ्या पेटीवर हात ठेवून उभे होते. त्यांना मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही. बस आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोचली का कमलबाईच्या दुकानात फोन करजो."

चंद्रपूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला होता आणि बंगळुरूजवळच्या एका उपग्रह भू-केंद्रात नोकरी लागली होती. भू-केंद्र म्हणजे काय, हे मी गावात सांगून सांगून थकले होते. शेवटी मायनेच ते सोपं केलं. "मोठ्या मोठ्या ताटल्या असतेत. आभाळातलं बोलणं त्यात पडते अन् आपली पोरगी ते वेचते," असं ती बायांना सांगायची. मोहफुलं वेचणाऱ्या बायांना ते लगेच समजलं.

माय तशीच होती. आमच्या घरी रेडिओ होता. बातम्या बाबा ऐकत, पण गावाला त्या माय सांगे. धानाच्या रोवणीच्या बांधीत, बुद्धविहाराच्या पायरीवर, गोंडांच्या टोल्यावर म्हणजे वस्तीत अर्धं मराठी अर्धं गोंडी करत. दिल्लीतलं भाषण असो की चक्रीवादळ, तिच्या तोंडून आलं की ते शेजारच्या घरात घडल्यासारखं वाटे. पुढे ग्रामपंचायतीवर टीव्हीची छत्री बसली, तरी बाया टीव्ही पाहून झाल्यावर मायला विचारायला येत, "आता सांग, काय झालं ते."

गावातला एकुलता एक फोन कमलबाईच्या किराणा दुकानात होता. कमलबाई विधवा, एकटीने दुकान चालवणारी. मी रविवारी फोन लावला की ती "जयभीम, बोला," म्हणे आणि रिसीव्हर तांदळाच्या पोत्यावर ठेवून मायला हाक मारायला जाई. मी थांबून राही. कोणी तेल मागत असे, कोणाची शेळी दुकानात शिरत असे. मग दुरून मायचा आवाज जवळ जवळ येई. रिसीव्हर हातात घेण्याआधीच तिने बोलायला सुरुवात केलेली असे. माझ्या खोलीची मालकीण रोज "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का, असं विचारायची. मायचाही पहिला प्रश्न तोच असायचा. त्यामुळे कानडीतलं ते पहिलं वाक्य मला कोणाला शिकवावं लागलं नाही.

मग मोहाच्या दिवसांत माय पहाटे फुलं वेचायला गेली असताना अस्वलाने तिच्यावर झडप घातली.

गावातला फोन तेव्हा बंद पडलेला होता. माणसांनी तिला खाटेवर घालून सडकेपर्यंत आणलं, तिथून जीपने चंद्रपूरला. कमलबाई त्याच जीपमधून पोंभुर्ण्याला उतरली आणि एसटीडीवरून तिने माझ्या ऑफिसला फोन लावला. तिने बोलायला कशी सुरुवात केली, ते मी जन्मभर विसरणार नाही.

"सुजाता, पहिले ऐक. माय जित्ती हाये. समजली? जित्ती हाये. आता बाकीचं सांगते."

बाकीचं फार वाईट होतं. जबडा फाटला होता, जिभेलाही मार होता. पण पुढचा अख्खा प्रवास मी कमलबाईच्या त्या पहिल्या वाक्याला धरून केला. कोणत्या क्रमाने सांगायचं हे तिला कोणी शिकवलं होतं, मला ठाऊक नाही. मी आयुष्यभर संदेश इकडून तिकडे पोचवायचं काम केलं, पण इतका जपून पोचवलेला संदेश दुसरा पाहिला नाही.

माय वाचली. शस्त्रक्रिया झाल्या, जखमा भरल्या. बोलणं मात्र मोडलं. शब्द एकमेकांत मिसळत, काही अक्षरं निघतच नसत. मी महिनाभर घरी राहिले. समोर बसलं की मला तिचं सगळं कळे, कारण ती डोळ्यांनी, हातांनी, भुवयांनी बोले आणि ओठांचा जो कोपरा शाबूत होता तो बाकीचं सांगे. मी बंगळुरूला परतले आणि पहिल्याच रविवारी फोनवर फक्त तिचा आवाज आला. मला एकही वाक्य कळलं नाही.

"काय म्हणलं माय? पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा विचारलं. मग कमलबाई रिसीव्हर घेऊन म्हणाली, "ते म्हणते, तिकडं थंडी हाये का." पुढे असंच चाललं. माय बोले, कमलबाई सांगे. कमलबाईने कधी कंटाळा केला नाही, पण मायला ते जड जाऊ लागलं. गावाला बातम्या सांगणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकीशी बोलायला मध्ये माणूस लागत होतं. हळूहळू ती दुकानात यायची बंद झाली. "मी बरी हावो म्हणून सांग तिले," असा निरोप बाबांबरोबर यायचा. बाहेर निघताना ती तोंडावर पदर घेऊ लागली. विहाराच्या पायरीवर बसणं तिने सोडलं.

मोबाइल आले तेव्हा लोक बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर चढून रेंज शोधत. बाबाही चढले. मायने मात्र फोन कानाला लावला नाही. आवाज अधिक स्वच्छ येत होता, पण तिची अडचण आवाजाची नव्हतीच.

नंतर गावाजवळ नवा टॉवर उभा राहिला. जंगलातून केबल जाईना, म्हणून त्याला उपग्रहाची छत्री जोडली होती. ते काम नेमकं आमच्या केंद्राकडे आलं. एका दुपारी मी शिफ्टला असताना पडद्यावर लाल दिसणारं आमच्याकडच्या टॉवरचं नाव हिरवं झालं. अशी नावं मी रोज पाहायची. त्या दिवशी मात्र खुर्चीतून उठून बाहेर गेले आणि आवारातल्या त्या प्रचंड पांढऱ्या अँटेनाखाली उभी राहून बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

आधी छपराचे कवेलू दिसले, मग बाबांचा कान. "फोन समोर धरा," मी ओरडले. मग माय दिसली. डोळ्यांपर्यंत पदर ओढलेला.

"माय, पदर काढ. तोंड दिसलं का मले समजन."

तिने मान हलवली. पदराआडून काहीतरी म्हणाली. बाबांनी सांगितलं, "तिथं हाफिसातले लोक पाहतीन म्हणते."

"इथी कोणी नाई. मी अन् ही ताटली."

उपग्रहावरून आवाज जायला यायला क्षणभर जास्त लागतो. तो क्षण मी रोज यंत्रावर मोजते, पण तेव्हा तो फार लांबला. मग मायने पदर खाली केला आणि बोलली. मला एकूण एक शब्द कळला.

"तू वायली व. जेवत नाईस का?"

मी रडत होते आणि ती बोलत होती. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलत होती. कोणाच्या घरी काय झालं, कोणाची सून कशी निघाली, यंदा मोह कसा गळाला. मधल्या क्षणभराच्या उशिराने आम्ही दोघी एकदम बोलायचो आणि दोघीही थांबायचो. ती म्हणाली, "आता विचार करून बोलतेस होय? आधी तं अशी नव्हती." बाबा फोन धरून उभे होते. हात दुखला तरी त्यांनी फोन खाली केला नाही.

माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांनो, आणि मागे राहून आमचे फोन घेणाऱ्यांनो, या तारा, टॉवर आणि उपग्रह कोणी कोणी उभारले, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. त्यांनी माझी माय मला परत दिली, एवढं ठाऊक आहे. कमलबाईचं नाव मात्र ठाऊक आहे. तिला मी सुटीत भेटते तेव्हा पाया पडते आणि ती दर वेळी मला रागावते.

गेल्या वर्षी चंद्रपूरच्या दवाखान्यातून बाबांना फोन आला. मायची शुश्रूषा केलेल्या सिस्टरचा. सिंदेवाहीकडची एक बाई अस्वलाच्या हल्ल्यात जखमी होऊन आली होती. जखम भरत होती, पण ती चेहऱ्यावरचं कापड काढेना, पोरांशीही बोलेना. तुमच्या बाई तिच्याशी बोलतील का?

मायने मला विचारलं, "काय सांगू तिले?"

"तुझ्या मनात येईल ते."

तिने अंगणात खुर्ची टाकली, कॉल लागण्याआधीच पदर खाली केला आणि बोलत सुटली. पलीकडची बाई गप्प होती. पुढच्या कॉललाही गप्पच. नंतर कधीतरी तिने कापडाआडून विचारलं, "भात खाता येते का?"

माय खळखळून हसली, असं बाबा सांगतात. "पहिले पेज, मंग भात. आता मी कोंबडं बी खाते. तुले बी जमते. दाखव बरं तोंड, पाहू दे मले."

त्या बाईने कापड काढलं.

आता सिस्टर आणखी कोणा कोणाला मायचा नंबर देते. आजूबाजूच्या गावांतून फोन येतात. विहाराच्या पायरीवर ती पुन्हा बसते, तोंडावर पदर न घेता. बंगळुरूत मी घर घेतलंय, इथला भातही आता मला आपला वाटतो. तरी माझं घर कुठलं, असं कोणी विचारलं तर मी कोसंबटोलाच सांगते. तिथे माय बोलते आहे.

परवा रविवारी फोन लावला तर व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. बऱ्याच वेळाने तिने उचलला आणि घाईघाईत म्हणाली, "सुजाता, तू बरी हायेस ना? मंग ठेव. गोंडपिपरीची एक बाई वाट पाहून राह्यली."

मी हसत ठेवला.