स्वतःच्याच निष्काळजीपणाने

“दादाजी, पोता साथ नहीं आया?”

खाजगी मीडिया कॉलेजच्या काउंटरवरच्या मुलीनं मोबाइलवरची नजर न काढता विचारलं. माझ्या हातात प्रवेशाचा फॉर्म होता, भरलेला. मी म्हणालो, “पोता नहीं। एडमिशन मेरा है।”

तेव्हा तिनं वर पाहिलं. माझ्याकडे, मग फॉर्मकडे, पुन्हा माझ्याकडे. मागे वळून मोठ्यानं म्हणाली, “सर, एक दादाजी मीडिया करने आए हैं।”

काचेच्या खोलीतले दोघंतिघं हसले. रांगेतली पोरं हसली. दारावरचा गार्डही हसला, आणि तो माझ्याच वयाचा होता. त्याचं हसणं जास्त लागलं.

“बी.ए. कहाँ से?”

“प्राइवेट से।”

म्हणजे कॉलेजात न जाता, नोकरी करत करत, घरी वाचून दिलेली परीक्षा. आमच्या भिलाईत किती जणांनी अशीच पदवी घेतली. तिनं तो शब्द फॉर्मवर लिहिला आणि त्याभोवती गोल केला. रोगाचं नाव असावं तसा.

“अंकल, यहाँ कैमरा-वैमरा उठाना पड़ता है। आपके लिए योगा का सर्टिफिकेट अच्छा रहेगा।”

“पत्रकारिता लिख दीजिए,” मी म्हणालो. मुलाखतीची वेळ घेतली आणि वैशाली नगरला घरी आलो. कुलूप उघडताना किल्ली भोकात जाईना. रागात भलतीच किल्ली लावत होतो.

बायको शेजारून आली. “का झालं?”

“मुलाखत आहे.”

“कोणाची?”

“माझी.”

“बाप्पा! आता या वयात कॉलेजातल्या पोरींले इम्प्रेस करून राहिले का तुमी?”

ती हसली. मी हसलो नाही. मग तिनं पाणी आणून दिलं आणि हळू आवाजात विचारलं, “कावून पण? खरं सांगा ना. कावून?”

तिला खरं कारण माहीत नव्हतं. एवढ्या संसारात मी तिला ते सांगितलेलं नव्हतं. कोणालाच नव्हतं. आता सांगतो.

मी हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बाबू होतो. लोखंडाच्या सळ्या काढायचा लहान कारखाना. वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईच्या पोलाद प्लांटात मजूर म्हणून आले होते. मला प्लांटात नोकरी लागली नाही, खाजगीत लागली. माझी हिंदी भाषा बरी, अक्षर चांगलं, म्हणून मालकाचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे. कारखान्यात झाडं लावली, रक्तदान शिबिर झालं, मालकाला सत्काराची शाल मिळाली, की पेपरांसाठी विज्ञप्ती, म्हणजे प्रेसनोट, मी लिहायची. स्कूटरवरून पेपरांच्या ऑफिसांत मीच नेऊन द्यायची. दुसऱ्या दिवशी शब्द न शब्द छापून यायची. वडील ते कापून ठेवायचे. माहा पोरगा पेपरात लिवते, म्हणून कॉलनीभर सांगायचे.

तिथं बिसाहू नावाचा मजूर होता. ठेकेदाराचा माणूस. कबीरपंथी. गळ्यात तुळशीची कंठी. दारू नाही, मांस नाही, बिडीसुद्धा नाही. होळीला बाकीचे त्याला चिडवायचे, “महंतजी, बस एक घूँट!” तो म्हणायचा, “मोर हिस्सा तहीं पी ले। फेर मोर पारी घलो तहीं कर देबे।” माझा वाटा तूच पी, आणि मग माझी पाळीही तूच कर. सगळी शेड हसायची.

तो ज्या मशीनवर होता तिच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असायची. जाळीत माल अडकतो, साफ करण्यात वेळ जातो, म्हणून मालकानं ती काढायला लावली. बिसाहू माझ्या खिडकीशी आला. “बाबू, जाली ला फेर लगवा देव। पट्टा ह हाथ ला खींचथे।” जाळी परत लावून द्या, पट्टा हात ओढतो.

मी मालकाकडे गेलो. मालक जेवत होता, समोर ठेकेदार बसला होता. मी सांगितलं. मालकानं घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग म्हणाला, “तुझे लिखने के लिए रखा है। सोचने के लिए मैं हूँ।”

ठेकेदार खदाखदा हसला. मी खाली मान घालून बाहेर आलो. खिडकीशी बिसाहू उभाच होता. मी त्याला म्हणालो, “हो जाएगा।”

त्याच आठवड्यात पट्ट्यानं त्याला ओढून घेतलं.

मालकानं मला बोलावलं. “भरपाई का मामला बनेगा। ऐसा लिख कि न बने।” मी बसलो आणि लिहिलं. ‘श्रमिक की मृत्यु स्वयं की असावधानी से हुई। घटना के समय उसके नशे में होने की आशंका है।’ स्वतःच्याच निष्काळजीपणाने मेला. दारूत असावा.

पहिलं वाक्य मालकाला हवं होतं. दुसरं त्यानं सांगितलं नव्हतं. ते माझं होतं. मालक खूश होईल म्हणून मी ते मनानं घातलं. मालकानं वाचून पाठीवर थाप मारली. ती थाप मला गोड लागली, हेही लिहून ठेवतो.

विज्ञप्ती घेऊन मी नेहमीसारखा पेपरांच्या ऑफिसांत गेलो. एका ठिकाणी तर चहा पाजला. कोणीही विचारलं नाही. तुम्ही होता का तिथं? पीत होता हे कोणी सांगितलं? मशीनला जाळी होती का? एकानंही नाही. कोणी विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो, असा दावा मी करत नाही. बहुतेक खोटंच बोललो असतो. पण खोटं बोलताना घाम तरी फुटला असता.

दुसऱ्या दिवशी शब्द न शब्द छापून आलं. वडिलांनी तेही कापून ठेवलं.

निवृत्त झालो. यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी पेपर उघडला. दुसराच कारखाना, दुसराच मजूर. खाली तीच दोन वाक्यं. असावधानी. नशा. आशंका. माझी वाक्यं. हथखोजचे बाबू एकमेकांच्या विज्ञप्ती उतरवून घेतात, मीही उतरवायचो. जुन्या मेलेल्याचं नाव काढायचं, नव्या मेलेल्याचं घालायचं. मी निवृत्त झालो होतो, माझी वाक्यं अजून नोकरीवर होती.

म्हणून मी पत्रकारितेचा फॉर्म आणला. त्या पेपरांच्या ऑफिसांतल्या लोकांना जे आलं नाही, किंवा करायचं नव्हतं, ते शिकायचं होतं. प्रश्न विचारायला.

मुलाखत वरच्या मजल्यावर होती. मी कठड्याला धरून चढलो, मध्ये दोनदा थांबलो. विभागप्रमुख सर वरून पाहत होते. आधी लेखी चाचणी म्हणून वीस-पंचवीस पोरापोरींसोबत मला एका खोलीत बसवलं. सरांनी फळ्यावर लिहिलं: कारखान्यात अपघात झाला आहे, व्यवस्थापनाच्या वतीनं विज्ञप्ती लिहा.

मी पेन उघडलं. पुढचं कसं झालं ते सांगताना आजही लाज वाटते. पेन थांबलंच नाही. तीच दोन वाक्यं कागदावर उतरली. खाडाखोड नाही, काही नाही.

सरांनी कागद गोळा केले. माझा वाचला आणि मोठ्यानं सगळ्यांना ऐकवला. “आशंका! देखा? आरोप भी नहीं लगाया और पढ़ने वाला समझ भी गया। कोर्ट में कोई पकड़ नहीं सकता। इसे कहते हैं भाषा।”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी आयुष्यात वाजलेल्या पहिल्या टाळ्या. बिसाहूच्या मरणावर.

“अंकल, आपको हम जनसंपर्क में लेंगे,” सर म्हणाले. “फीस आधी। गेट पर आपका फोटो लगाएँगे, सीखने की कोई उम्र नहीं।”

“सर, मुझे पत्रकारिता चाहिए।”

“पत्रकार दौड़ता है। आपसे तो हमारी सीढ़ियाँ नहीं चढ़ी गईं। एसी में बैठकर लिखिए ना आराम से। ज़िंदगी भर यही तो किया है आपने।”

“हाँ सर, यही किया है। इसीलिए आया हूँ।”

त्यांना तो विनोद वाटला. पोरांनाही. मी उठलो, टेबलापाशी गेलो, माझा कागद घेतला. दोन्ही वाक्यांवर रेघ मारली. म्हणालो, “यह झूठ है। वह आदमी पीता नहीं था।”

“कौन आदमी?” सर गोंधळले. “अंकल, यह तो टेस्ट है।”

मी माझा फॉर्म उचलला आणि जिना उतरलो. उतरताना थांबलो नाही.

शेजारच्या दुर्गला एका जुन्या सरकारी कॉलेजात संध्याकाळी पत्रकारितेचा वर्ग चालतो. हिंदीतून. स्टुडिओ नाही, काच नाही, भिंतीला ओल आलेली. शिकवणारी बाई माझ्या पोराच्या वयाची. हेल्मेट हातात घेऊन आत आली. आधी रिपोर्टर होती म्हणे. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, ही तरी म्हणेल, वा बाबूजी.

ती म्हणाली, “इतने साल चुप क्यों रहे?”

“नौकरी थी, मैडम।”

“नौकरी तो कब की छूट गई। उसके बाद?”

मी हातातल्या फॉर्मची घडी घालू लागलो.

“उसका घर कहाँ है?”

“पता नहीं।”

“पता नहीं किया।” तिनं माझं वाक्य दुरुस्त केलं. “देखिए, यहाँ पत्रकारिता पढ़ाते हैं। माफ़ी का कोर्स नहीं है हमारे पास। पहले उस घर होकर आइए। फिर दाख़िला लीजिए।”

मला तिचा भयंकर राग आला. परत जाताना ऑटोत मी तिला मनात शिव्या दिल्या. या वयात मला पायरी दाखवते! मग ऑटोतच लक्षात आलं. त्या दोन वाक्यांबद्दल मला आजवर कोणी प्रश्न विचारला नव्हता. हिनं विचारला, आणि उत्तर टाळलं तर पुन्हा विचारला. मला जे शिकायचं होतं ते हिच्याकडे होतं.

बिसाहूचं घर शोधायला दोन दिवसही लागले नाहीत. भिलाई-3 मध्ये, रेल्वेलाइनच्या पलीकडे. इतकं जवळ. त्याची बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती. बिसाहूचा डबा घेऊन ती कारखान्यात यायची, तिनं मला लगेच ओळखलं. “काबर आए हव, बाबू?” कशाला आलात?

मी सांगितलं. काढलेली जाळी, खिडकीशी आलेला बिसाहू, माझं ‘हो जाएगा’. दारूचं वाक्य माझं होतं, तेही. तिचा हात सुपात थांबला. ती रडली नाही. म्हणाली, “मोर नोनी ला ओकर ससुरार म आज ले कहिथें, तोर ददा दारू पी के मरिस।” माझ्या मुलीला सासरी आजही ऐकवतात, तुझा बाप दारू पिऊन मेला.

मी हात जोडले. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं.

“माफी ला मैं का करहूँ, बाबू? माफी ह छपथे का?”

माफी छापून येते का? मी हात खाली घेतले. तिनं सूप उचललं आणि आत गेली. दार लावलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, “त्या बाईले तोंड कसं दाखवलं तुमी?” आणि थोड्या वेळानं, “आता लिवाच. मागं नोका सरू.”

प्रवेश घेतला. वर्गात पहिलं काम मिळालं, एक बातमी लिहून आणायची. पोरांनी गणपतीचे मंडप लिहिले, ट्रॅफिक लिहिला. मी बिसाहू लिहिला. मॅडमनी तीन वेळा परत केली. पहिल्यांदा म्हणाल्या, “रोना कम कीजिए।” दुसऱ्यांदा, “जाली किसने हटवाई, साफ़ लिखिए।” तिसऱ्यांदा, “और आप? ‘एक कर्मचारी ने’ क्या होता है? अपना नाम लिखिए।” लिहिलं.

रायपूरहून पोराचा फोन आला. आईनं त्याला सांगितलं होतं.

“बाबा, क्या कर रहे हो यार? कारखाना आता मालकाचा पोरगा चालवते. बडे लोग हैं. केस करतील तुमच्यावर.”

“करू दे.”

“कोर्टात खेचतील म्हणतो मी, समजून राहिले का तुमी?”

“खेचू दे. तिथं निदान विचारतील तरी मले, का झालं होतं म्हणून.”

तो म्हणाला, “लोग हसेंगे, बाबा.” मी म्हणालो, हसून झालं आहे त्यांचं.

बातमी तयार आहे. पहिल्या वाक्यात बिसाहू आहे, त्याची कंठी आहे. दुसऱ्या वाक्यात मालक आहे. तिसऱ्यात मी आहे, नावासकट. ज्या ऑफिसांत विज्ञप्ती नेल्या त्याच ऑफिसांत उद्यापासून ती घेऊन जाणार. मोठा पेपर, छोटा पेपर, साप्ताहिक, मोबाइलवर चॅनल चालवणारी पोरं, सगळ्यांकडे. जुनी गोष्ट आहे म्हणतील. जाहिराती बंद होतील म्हणतील. ज्याला छापायची नसेल त्यानं मला तोंडावर कारण सांगावं. मी तिथंच उभा राहून ते कारण लिहून घेईन, आणि कोणी सांगितलं तेही लिहीन.