महानंदाबाईंचा डावा तळहात

प्रिय मीरा आणि ईशान,

मीरा, तुला तिकडे फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला, म्हणून हे आता लिहिते आहे. हे तुझ्या पुस्तकांत सापडणार नाही. चमत्कारांवर माझा कधीच विश्वास नव्हता — आजही नाही. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना मी जन्मभर एकच सांगत आले: आधी स्नायूवर बोट ठेवा, मग बोला.

निवृत्तीनंतरही मी दर मंगळवारी परभणीहून विद्यार्थी घेऊन जिंतूर तालुक्यातल्या बोरीला जाते, घरोघरी पेशंट बघायला. गेल्या हिवाळ्यात एका लिंगायत दुकानदाराच्या घरी गेलो. लिंगायतांत प्रत्येकाचं स्वतःचं छोटं इष्टलिंग असतं; ते डाव्या तळहातावर ठेवून रोज पूजा करतात. त्याच्या आईच्या, महानंदाबाईंच्या अंगावरून वारं गेलेलं... म्हणजे लकवा. डावा हात पूर्ण लुळा.

सून सुरेखा सासूला आत्या म्हणते; ती दारातच म्हणाली, "मॅडम, आत्या जेवतच न्हाईत. पूजेबिगर घास घेत न्हाईत, अन् लिंग डाव्या तळहातावरच पायजे म्हन्त्यात. मठातले स्वामी म्हन्ले पाटावर ठिवा, तर आयकत न्हाईत."

बाई खरंच वाळून गेल्या होत्या.

माझी विद्यार्थिनी श्रुती नाशिकची; हे रिवाज तिला ठाऊक नव्हते. बोटांच्या व्यायामासाठी तिला काहीतरी लहान, गोल हवं होतं. समोर चांदीची डबी उघडी होती. तिने थेट त्यातल्या इष्टलिंगालाच हात घातला!

"आगं ये! चेंडू हाय का त्यो? द्येव हाय माजा!" महानंदाबाई कडाडल्या. "दुसऱ्याचा हात चालत न्हाई त्येला!"

श्रुती रडवेली झाली. "मॅडम, आपण निघू या ना..."

"नाही," मी म्हटलं. "या जेवल्याशिवाय आपण इथून हलायचं नाही."

मग मी महानंदाबाईंना विचारलं, "तुमचा हात मी खालून धरते. लिंग तुम्हीच उजव्या हातानं ठेवा. चालेल?"

"खालून धरा. वर बोट लागू देऊ नगा."

त्यांनी विभूती लावली, लिंग तळहातावर ठेवलं. थोड्या वेळाने माझ्या हातावरचं वजनच गेलं. मी हात हळूच खाली घेतला... त्यांचा तळहात छातीसमोर तसाच, सपाट.

मला आनंद झाला. जन्माच्या सवयीची हालचाल कधीकधी अशी परत येते, हे शास्त्रात आहे. मी दंडावर बोटं ठेवली — आणि दचकले. दंड भिजवलेल्या कणकेसारखा मऊ! स्नायूत जराही ताण नाही.

"श्रुती, तू बघ."

तिने दंड चाचपला, कोपराखालून हात फिरवला. आधार कसलाच नव्हता. "मॅडम, स्नायू काम करत नाहीये... मग हात राहिलाय कशावर?"

"गप बसा गं," महानंदाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "पूजा चालू हाय."

लिंग डबीत गेलं आणि हात धप्पकन मांडीवर पडला. नंतर मी तळहातावर तेवढाच खडा ठेवून पाहिला, मग वाटी. आधार काढला की हात खाली.

त्या दिवशी त्यांनी दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली. सुनेला म्हणाल्या, "ह्या पोरीला बी वाढ. लय भ्याली."

डॉक्टर मंडळींना विचारलं. प्रत्येकाने काही ना काही कारण दिलं, पण मऊ दंडाचा हिशोब कुणालाच लागला नाही. मलाही नाही. व्यायाम मात्र आम्ही एकदाही चुकवले नाहीत. महानंदाबाई आता काठीने अंगणापर्यंत चालतात. हात अजून लुळाच आहे, फक्त पूजेपुरता वर राहतो. त्या रोज पूजा करतात, आणि रोज जेवतात.

तुमची,
आजी