पंपवाल्याची पाठ

मेहकरात माझी नोकरी वाचवली ती फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या काकांनी. ते माणसांशी कमी आणि यंत्रांशी जास्त बोलतात. मी काम करतो त्या मैदानावरची, सुटे भाग जोडून बनवलेली पेंटबॉलची, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायच्या खेळाची, बंदूक त्यांनी कानाशी धरली. "काऊन वं, कुठून फुसफुसून राह्यली?" मग साबणाचा फेस लावला, बुडबुडे आले तिथली रबरी रिंग बदलली. हवा गळायची थांबली.

मी लगेच निघालो. दुपारी शाळेची पोरं खेळायला येणार होती. बंदूक बंद राहिली तर मालक मला काढणार होता. नववीत शाळा सोडलेल्याला घरापासून इतक्या लांब दुसरं काम कोण देणार?

"थांब बे. दाब तू वाढवला?"

"हो. गळत होती म्हणून."

"आता गळत नाही ना. पोराले लागंल."

त्यांनी दाबाचा स्क्रू सैल केला, लांब जाऊन पाठ फिरवली. "मार."

"काका, नको."

"मार बे, माह्यं दुसरं गिऱ्हाईक खोळंबून राह्यलं."

मी घोडा दाबला. गोळी पाठीवर फुटली. काकांनी पाठ चोळली, परत येऊन स्क्रू आणखी सैल केला आणि पुन्हा पाठ करून उभे राहिले.

कधी त्यांच्यावर वाईट वेळ आली, तर त्यांच्यापुढे मी उभा राहीन.